धागा : माझ्या कादंबरीतल्या बाईनं सरवा का नाही वेचला?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. काम अडलंय म्हणून.

एक कादंबरी लिहून राहिलोय. यवतमाळ जिल्हा, दारव्हा-नेरकडचा पट्टा, काळ साधारण १९७५ ते १९८५. मुख्य पात्र सालदाराची बायको. तिचं नाव तीनदा बदललं, अजून पक्कं नाही, म्हणून सध्या नुसतं 'ती'.

चौथ्या प्रकरणात जवारी निघालेली आहे. बाया वावरात सरवा वेचतायत. घरी तीन लेकरं उपाशी. मालकाचा पोरगा येतो आणि सगळ्यांदेखत बोलतो, "बापाचं वावर हाय का तुमच्या?" बाकीच्या बाया खाली मान घालतात. ती मात्र उठते, पदरातली कणसं त्याच्या पायाशी ओतते आणि मागं न पाहता निघून जाते. हा प्रसंग लिहायला मला दहा रात्री लागल्या. दोन मित्रांना वाचून दाखवला, एकाच्या डोळ्यात पाणी आलं. मी खूश.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईला वाचून दाखवला. आई शाळेत गेलेली नाही. लग्नानंतर वीस-बावीस वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचला तिनं. ऐकताना ती ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. कणसं ओतायची जागा आली आणि आई हसली. चिडवल्यासारखं नाही, लहान पोरानं काही बोललं की हसतात तसं.

म्हणाली, "ओतून देल्लं? अन् मंग पोरायले काय वाढलं तिनं?"

मी म्हटलं, आई, तो तिचा स्वाभिमान आहे.

"असंन बाप्पा. पन रागात ओतलं असंन तं मंग वापस येऊन येचला असंन तिनं. कोनी पाह्यत नसंन तवा."

इतकंच, आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. तेव्हापासून माझं पाचवं प्रकरण पुढं सरकत नाही. ती गरीब आहे म्हणून मी तिला आधीच चांगली करून ठेवली की काय, असं वाटायला लागलंय. गरिबीनं माणूस घडतो म्हणतात, पण म्हणजे नेमकं काय होतं? कादंबरीत ते कसं दिसावं? तुमचं वाचन, तुमचं गाव, काहीही सांगा.

पानगळ

छान धागा. मी पुण्याची, त्यामुळे आधी अडाणी प्रश्न : सरवा म्हणजे काय? आणि सालदार म्हणजे सालगडीच ना?

बाकी मला मूळ प्रसंग आवडला. कादंबरी म्हणजे गावचा पंचनामा नव्हे. प्रत्यक्षात कुणी कणसं ओतली नसतील, पण ओतावीशी वाटली असतीलच की. ते वाटणं लेखकानं लिहायचं नाही तर कुणी लिहायचं?

धुऱ्यावरचा

सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर वावरात मागं राहिलेली, गळालेली कणसं. ती वेचायला गरीब बायांना मुभा असायची. कायदा नव्हे, रीत. पण मालकाची शेवटची बंडी भरून जाईपर्यंत थांबावं लागायचं, आणि भांडणं व्हायची ती नेमकी तिथंच, कारण शेवटची बंडी कोणती ते मालक ठरवणार.

सालदार म्हणजे सालगडीच. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. थोडे पैसे, थोडी जवारी. सुरुवातीला उचल घेतली की मग बारा महिने माणूस बांधलेला. त्याची बायको मालकाच्या घरचं शेण-पोतेरं करायची, ते बऱ्याच ठिकाणी हिशेबातच नसायचं.

आर्वीच्या_बाई

निवृत्त शिक्षिका आहे, मराठी शिकवायचे, तेव्हा थोडं लांबेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मुलखात १९६० सालापासून पडून आहे. उद्धव शेळक्यांची 'धग'. वाचली असेल तर पुन्हा वाचा, आणि या वेळी कौतिककडे नका पाहू, महादेवाकडे पाहा. नवरा-बायको दोघं एकाच घरात, दोघांपुढं तीच फुटकी कढई. अभावानंच माणूस घडत असता तर दोघं सारखी निघायला हवी होती. कौतिक मरमर राबते आणि तो अंग काढून घेतो. पोरांचंही तेच. भीमा आणि नामा एका आईची, एका दारिद्र्यातली, पण दोघांचे रस्ते वेगळे.

मुलांना शिकवताना मी विचारायचे, कौतिक चांगली आहे का? वर्गातली हुशार मुलं लगेच 'कष्टाळू, सोशिक, आदर्श माता' अशी यादी सुरू करायची. मी म्हणायचे, परीक्षेत तसंच लिहा, पण आता तिचं बोलणं मोठ्यानं वाचा. त्या वऱ्हाडी संवादांत केवढी धार आहे! ती नवऱ्याला टोचून बोलते, चिडते, करवादते. सोशिक बाई अशी बोलत नाही. शेळक्यांनी तिला मायाळू शब्द दिले असते तर आपण तिला हार घालून विसरून गेलो असतो.

तुमच्या 'ती'ची जीभ कशी आहे? तुमच्या पोस्टमध्ये एकही वाक्य तिच्या तोंडी नाही. ती ओतते आणि निघून जाते. इतकी गप्प बाई मी तरी आर्वी तालुक्यात पाहिलेली नाही.

बंडीवाला

बाई, लाख बोलल्या.

मी कास्तकार हावो, अकोट तालुका. आमच्याकडचं एक सांगतो. कापसाची वेचनी किलोवर राह्यते. पहाटी दव पडलेला कापूस वजनात भरते. म्हनून बाया अंधारात येऊन वावरात शिरत. माहा आजा काय करे, धुऱ्यावर बिडी वढत बसे अन् म्हने, "उन पडू द्या, मंग लागा." बायाही कच्च्या गुरूच्या नोयत्या. त्या म्हनत, "आबाजी, सयपाक करून आलो, उनात तलखी होते, लागतो आता." दोघायलेबी माहीत, भांडन दवाचं हाय. पन 'दव' हा शब्द कोनी काढे नाई. सत्तर वर्साचा बुढा अन् पस्तीस वर्साची बाई, रोज सकाऊन हेच नाटक.

तुमच्या कादंबरीत असं घाला ना बाप्पा. पायाशी कनसं ओतनं म्हंजे शिनेमा झाला.

अजून एक. गरिबी म्हनलं की तुमी लोक मजुरावरच जाता. कास्तकाराची गरिबी वेगळी. ते झाकून ठेवा लागते. आठ एकर वावर, सातबारा नावावर, अन् सोयरे आले की घरात साखर नाई. मंग पोट्ट्याले मागच्या दारानं शेजारी पाठवा. पाहुन्याले कळलं नाई पाह्यजे. पोरीच्या लग्नात मांडव उसना, बँडवाला उसना, अन् सावकाराचा आकडा मातर नगद. लपवता लपवता मानूस असा होते का मंग दवाखान्यात डाक्टरलेबी खरं दुखनं सांगत नाई.

पानगळ

दवाचा किस्सा अप्रतिम. दोघंही गरीब, दोघंही ओळखून, एक प्रकारचा खेळच.

उलंगवाडी

खेळ नव्हता तो. माफ करा, पण इथं बोलावंच लागेल.

माझी आई त्या बायांतली. वाशीम जिल्हा, मंगरूळपीरकडलं गाव. बाबा सालदार. आमच्या नावावर सातबारा कधीच नव्हता, आजही नाही. बंडीवाला भाऊ, तुमच्या आजोबांशी माझं भांडण नाही, पण सांजेला काटा त्यांच्या हातात होता. दवाचा पावशेर आईनं सकाळी कमावला तर काट्यावर तो सहज परत घेता यायचा, आणि जायचाही. ज्याच्या हातात काटा असतो त्याला ते नाटक वाटतं.

आता कादंबरीबद्दल. ओतायच्या प्रसंगात मला पहिला प्रश्न पडला तो हा की नवऱ्याच्या सालाचं काय? ती मालकाच्या पोराच्या पायाशी कणसं ओतते. ठीक. मग पाडव्याला त्याला कोण ठेवणार? उचल कोण देणार? जुनी उचल फिटलेली नसेल तर? माझ्या आईनं एकदा मालकिणीला उलटून बोलल्याचं गावात अजून सांगतात. पण त्या दिवशी सांजेला बाबांनी जाऊन मालकाच्या पायावर डोकं ठेवलं, हे कुणी सांगत नाही. मी पाहिलंय, सात वर्षांची होते. त्यानंतर चार दिवस आई-बाबा एकमेकांशी बोलले नाहीत. तुमच्या पाचव्या प्रकरणात हे चार दिवस हवेत.

आणि आमच्या लोकांना पाणी वरून ओंजळीत मिळायचं. तुमची 'ती' कोणत्या आळीत राहते ते पोस्टमध्ये नाही. ते ठरवल्याशिवाय ती मान वर कशी करते, किती वर करते, हे ठरणार नाही.

गरिबीनं माणसाचं काय होतं विचारलंत. आईनं आम्हा भावंडांना एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : "जेवून आलो." कुणाच्याही घरी गेलं, ताट पुढं आलं, की हे म्हणायचं. पोटात काही नसलं तरी. मामाच्या घरीसुद्धा. एकदा धाकट्या भावानं मामीकडं दोनदा म्हटलं, "जेवून आलो", आणि तिसऱ्यांदा रडायलाच लागला. घरी आल्यावर मार बसला. रडला म्हणून.

आज मी सरकारी नोकरीत आहे, पगार बरा आहे. कार्यालयात कुणाचा वाढदिवस असला, केकची बशी पुढं आली, की तोंडातून आपोआप निघतं, "नको, आताच झालं." हात पुढं जातच नाही. बशी दुसऱ्यांदा आली तर घेते.

आई त्यानं चांगली झाली का? नाही. ती हिशेबी झाली. सुना आल्या तेव्हा ती त्यांच्या भाकरी मोजायची. तोवर भाऊ कमावता झाला होता, टोपलीत भाकरी उरायच्या, तरी मोजायची. वहिनी अजून तिला माफ करत नाही, आणि मी वहिनीच्या बाजूनं आहे. पण आईची मोजणी कुठून आली ते मला माहीत आहे, वहिनीला नाही. कादंबरीत मला हे दोन्ही एकदम वाचायला आवडेल.

बंडीवाला

ताई, काट्याचं बरोबर हाय. मी त्या बाजूनं कवा पाह्यलंच नाई. आजा काट्याले बोट लावे का नाई, मले माहीत नाई. लावतही असंन.

आर्वीच्या_बाई

उलंगवाडी, तुमचा 'जेवून आलो' वाचून मी चहा ठेवायला उठले आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले. तुम्ही लिहीत का नाही?

उलंगवाडी

लिहिलंच की आता. 🙂

काळीमाती

यवतमाळ-वर्धा भागात बरीच वर्षं बातमीदारी केली आहे. थोडं कडू बोलतो.

१९ मार्च १९८६. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे पाटलांनी बायको-लेकरांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली जाते. अजूनही त्या तारखेला कित्येक लोक अन्नत्याग करतात. पुढं २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच्या आगेमागे देशभरचे पत्रकार आमच्याकडं उतरले. सगळ्यांना एकच हवं असायचं, फोटो हातात धरलेली विधवा.

मीही त्यांना घेऊन फिरलोय, तेव्हा बोट दुसऱ्याकडं नाही. पण त्यानंतरच्या हस्तलिखितांत (माझ्याकडं वाचायला बरीच येतात) शेतकरी पहिल्या पानावरच मेलेला असतो. फवारणीचा डबा, आढं, दोर. मरायच्या आधी तो कसा होता? पत्ते खेळताना चिडायचा का? बैलाशी काय बोलायचा? लेखकाला माहीत नसतं, कारण लेखकानं त्याला मरायलाच जन्माला घातलेला असतो.

एक बाई मला आठवते. तिच्याकडं मी चौथ्यांदा गेलो होतो, सोबत बाहेरचे दोन पाहुणे. तिनं आम्हाला पाहिलं, घरात गेली, धुतलेलं लुगडं बदलून जुनं नेसून आली, फोटो पुसला आणि खाटेवर नेमकी उजेडात बसली. कॅमेऱ्याला काय लागतं ते ती शिकली होती. मदतीची फाईल अडली होती तिची, आणि आमच्यामुळं हलेल अशी तिला आशा होती. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "भाऊ, बरोबर सांगतलं ना मी?"

या बाईवर कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही. माझी तर हिंमत होत नाही.

पानगळ

हे सगळं वाचून एक शंका. सालाची भीती, काटा, फाईल, उचल, सगळीकडूनच बांधलेलं असेल तर पात्राच्या हातात उरतं काय? उपाशी माणसाला निवडच नसते, मग त्याचा स्वभाव तरी कसा दिसणार? नुसती परिस्थितीच दिसेल.

आर्वीच्या_बाई

निवड असते. छोटी असते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आपल्याकडची नाही, पण प्रेमचंदांची 'गोदान' (१९३६) घ्या. होरीला आपण बिचारा म्हणून लक्षात ठेवतो. पण सुरुवातीला हाच होरी बांबूच्या सौद्यात स्वतःच्या भावांना फसवायला निघतो, चार पैशांसाठी. आणि त्यातही स्वतःच फसतो! पुढं तोच भाऊ हिरा होरीच्या गाईला विष घालून पळून जातो, तेव्हा त्याच हिराच्या बायकोचं शेत होरी सांभाळतो. भावाला फसवणारा आणि भावाचं घर राखणारा माणूस एकच. गरिबी दोन्ही वेळा तीच होती. पहिल्या वेळी नसती तर त्यानं फसवलं नसतं असं म्हणता येईल, पण मग दुसऱ्या वेळी का राखलं? तिथं मला होरी दिसतो.

बंडीवाल्या भाऊंच्या झाकून ठेवण्यासाठी आपल्या बुलढाण्याकडची 'बारोमास' आहे. सदानंद देशमुखांना तिच्यासाठी २००४ चा साहित्य अकादमी मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, पदव्या आहेत आणि नोकरी नाही. अडाणी बापाचं दारिद्र्य आणि शिकलेल्या पोराचं दारिद्र्य एका छताखाली कसं एकमेकांना बोचतं, ते तिथं वाचा. शिक्षणानं त्याला निदान आपण कशात अडकलोय ते कळतं, आणि ते कळणं काही सुखाचं नाही.

मोहफूल

सगळा धागा कापसानं भरलाय म्हणून जरा झाडीपट्टीतून. मी कुरखेड्याकडची, गडचिरोली जिल्हा. आमच्याकडं धान आणि जंगल. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा. शाळेत शंभरापर्यंत मोजायला शिकायच्या आधी आम्ही सत्तरपर्यंत शिकलो, आणि सत्तर आले की थांबायची सवय लागली. पहिलीत गुरुजी म्हणायचे, पुढं? मी म्हणायची, बांधायचं.

धान निघालं की गावातली मोठी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरी म्हातारी आणि लेकरं. आठ-दहा वर्षांची पोरगी घर चालवते. भावंडांना रागावते, अगदी आईच्या आवाजात. काही महिन्यांनी आई परत आली की दोघींचं पटत नाही, कारण घरात आता दोन बाया असतात. आई म्हणते, पोरगी उद्धट झाली. उद्धट नाही झाली, तिला पुन्हा लहान होता येत नाही एवढंच.

मिरचीवरून आलेल्या आयांचे हात पुष्कळ दिवस जळजळतात. तान्ह्याला घेता येत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

बंडीवाला

सत्तर आले का बांधायचं. वा. आमच्या पोट्ट्यायले शंभरावर थांबाले कोनी शिकवलं असतं तं कर्ज कमी झालं असतं. 😀

धुऱ्यावरचा

आठवडाभर लिहिलं नाही, तुमचं सगळं वहीत उतरवून घेत होतो. उलंगवाडी ताई, सालाचा मुद्दा वाचून झोप उडाली. माझे वडील सालदार नव्हते, आमचं दोन एकर का होईना, होतं. त्यामुळं उचलीची भीती मला पुस्तकासारखीच माहीत. आणि आळीचं म्हणाल तर मी ते मुद्दामच धूसर ठेवलं होतं. हुशारीनं, आता कबूल करतो. ते ठरवायलाच लागेल.

आणखी एक कळलं. माझ्या लिखाणात वेळच चुकीची होती. मी तिचे दिवस महिन्यांनी मोजत होतो. कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात आमच्या घरी महिने नव्हतेच. चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. 'चुकारा आला की' आणि 'चुकारा येईपर्यंत', दोनच काळ. माझी फी, बहिणीचा फ्रॉक, बापाचा चष्मा, सगळं चुकाऱ्यावर. बाप अजून सोमवार-मंगळवार विसरतो पण कापसाच्या कोणत्या हप्त्याला काय घेतलं ते सांगतो. सालदाराच्या बायकोला चुकाराही नाही, तिला पाडवा. म्हणजे तिचं वर्ष एकाच दिवसावर टांगलेलं. हे धरलं की ती कोणत्या दिवशी काय बोलेल आणि काय गिळेल ते आपोआप ठरायला लागतं. माघ-फाल्गुनात ती मालकाच्या पोराला एक शब्द बोलणार नाही. जवारी निघते तेव्हा पाडवा अजून लांब असतो, तेव्हा कदाचित जीभ सुटेल.

चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. एक तुकडा टाकतो, ठोका :

> "बापाचं वावर हाय का तुमच्या?"
>
> "नाई बाप्पा. तुह्या बापाचं हाय," ती म्हणाली. "तुह्या बापानं कालच सांगतलं, शेवटची बंडी गेली म्हनून. इचार जाऊन."
>
> बाया हसल्या. हसणं त्याला लागलं. त्यानं तिच्या पदराला हात घातला तसा तिनंच पदर सोडला. कणसं सांडली. ती उठून चालायला लागली, पण धुऱ्याशी पोचेपर्यंत तिनं मनात जागा बांधून ठेवली होती. बाभळीपासून सात पावलं, ढेकळाच्या अलीकडं.
>
> घरी नवऱ्याला ती काही बोलली नाही. लेकरांना आंबील पाजली, निजवलं. चूल विझली. मग ती अंधारात उठली, पायातल्या पट्ट्या काढून उतरंडीवर ठेवल्या आणि वावराकडं निघाली.

काळीमाती

पायातल्या पट्ट्या काढून ठेवते, तिथं मला ती दिसली. बाकी नंतर बोलू.

उलंगवाडी

'तुह्या बापाचं हाय' हे आवडलं. ती बोलली. पण दोन गोष्टी. सालदाराच्या बायकोच्या पायात चांदीच्या पट्ट्या कशा? असतील तर त्या सावकाराकडं असतील. बांगड्या म्हणा. काचेच्या. हातातून काढता येत नाहीत, म्हणून ती पदराचा काठ गुंडाळून घेईल त्यावर.

दुसरं, नवऱ्याला ती सांगत नाही, ठीक. पण त्याला कळतं का? माझ्या बाबांना कळलं असतं. ते कूस बदलून पडून राहिले असते.

पानगळ

मी आधी मूळ प्रसंगाची बाजू घेतली होती. आता तो आठवतही नाही, हाच आठवतोय. एक विचारते, ती परत येऊन कणसं वेचते म्हणजे हरली ना शेवटी?

बंडीवाला

हरली काहून? पोट्टे जेवले ना.

मोहफूल

आणि 'तुह्या बापाचं हाय' म्हणालीच की. ते काही परत वेचायला गेली नाही ती.

धुऱ्यावरचा

बांगड्यांचं घेतलं. नवऱ्याचं कूस बदलणंही घेतलं, ताई, विचारून घेतोय असं समजा.

काल रविवार होता, गावी जाऊन आलो. नवा तुकडा आईला वाचून दाखवला. या वेळी डाळ नव्हती, आई उन्हात बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. 'तुह्या बापाचं हाय'ला मान हलवली. बांगड्यांवर पदर गुंडाळण्यालाही काही बोलली नाही. पुढं ती अंधारात उठून निघाली, तिथं आईनं हात थांबवला.

"रातच्याले नाई," म्हणाली. "रातभर जागल्या खऱ्यात जागा राह्यते, बिड्या वढते, गानं म्हनते. थो पहाटी निजते. कोंबडा आरवायच्या जरा आंधी. तवा जा लागते. अन् थंडीनं बोटं वाकत नाईत, म्हनून आंधी हात काखेत धरा लागते."

मी विचारलं, आई, तुला कसं माहीत?

"भाजी घेऊन जाय थोडी," ती म्हणाली, आणि पिशवी शोधायला आत गेली.